तुसातली काठवट

गंजाडच्या पांड्याचा कोणावर म्हणून भरवसा नव्हता. एसटीच्या कंडक्टरने दिलेलं तिकीट तो उजेडाकडे धरून बघायचा. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या की पहिली गोळी कोंबडीला, आणि कोंबडी संध्याकाळपर्यंत अंगणात उकरत राहिली तर दुसरी गोळी पांड्याला. धाकटी डहाणूची मावरेवाली बाजारात बोंबील मोजून द्यायची, तर हा घरी येऊन ते परत मोजायचा. कमी भरले तर चिडायचाच, पण बरोबर भरले तर जास्त चिडायचा. बरोबर कसे भरले? म्हणजे ह्यात काहीतरी गोम आहे.

त्याची बायको पुतळी सांगायची, "आमचं लगीन लागत होतं, तेव्हा हा धवलेरीला हळूच विचारतो, पोरगी तीच आहे ना, बदलली नाय ना?" लग्न लावायला आलेली ती म्हातारी गाणं विसरून हसत बसली होती म्हणे. पुतळी हे शंभरदा सांगायची आणि शंभरदा हसायची. पांड्या नाही हसायचा. त्याचं म्हणणं, विचारलं म्हणून तर खात्री झाली.

आणखी एक गंमत. पांड्या सगळ्यांना अरेतुरे करायचा. तलाठी असो, मास्तर असो, "तू बस, चा पी." त्यात अपमान नव्हता, पाड्यावरची रीतच ती. पण ज्याच्यावर संशय आला त्याला तो "तुम्ही" म्हणायचा. पांड्या "तुम्ही बसा" म्हणाला की समजावं, आपल्यामागे त्याने डोळा ठेवलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, असल्या माणसाचं जगात कसं निभावतं? निभावत होतं, कारण त्याचा लाकडावर भरवसा होता. पांड्या काठवटी करायचा. पीठ मळायची लाकडी परात म्हणा हवं तर, पण परात पत्र्याची असते, तिला जीव नसतो. पांड्याची काठवट एका ओंडक्यातून निघायची. शिवणीचं लाकूड, स्वतःच्या बांधावरचं. ओंडका मधोमध फाडायचा, मधला गाभा काढून टाकायचा, मग वाकसाने पोट कोरत जायचं. तळ जाड, काठाकडे येईल तसं पातळ, दोन्ही टोकांना धरायला दोन आखूड कान. मापाला फूटपट्टी नाही. जिच्या घरी जायची तिच्या हाताच्या दोन विती लांबी, चार बोटं खोली. शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडून खुरासणीचं तेल चोळलं की झालं. नक्षी नाही, रंग नाही, एक फूल नाही. पांड्याच्या बापाने अशीच केली, त्याच्या बापाने अशीच. चाळीस वर्षांपूर्वीची काठवट आणि कालची शेजारी ठेवली तर फरक फक्त रंगाचा.

ह्या कामात एक टप्पा असा होता की तिथे ही काठवट बाकीच्यांपेक्षा वेगळी व्हायची. ओलं लाकूड कोरून झालं की पांड्या ती कच्ची काठवट भाताच्या तुसात पुरून ठेवायचा. कणगीत खाली तूस, मध्ये काठवट, वर तूस, आणि ह्या अमावास्येपासून त्या अमावास्येपर्यंत हात लावायचा नाही. तुसात लाकडातलं पाणी इतकं सावकाश निघतं की लाकडाला पत्ताच लागत नाही. घाईने वाळवलं तर शिवणसुद्धा तडकते. हे गुपित पांड्याच्या घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. घरात मात्र सगळ्यांना होतं, कारण पोरं लहान असताना त्याच तुसात लपाछपी खेळायची.

पोरं दोन. मुलगा सुनिल उंबरगावला कंपनीत लागला आणि त्याने वाकसाकडे पाठ फिरवली. मुलगी संगिता तलासरीकडे उधव्याला दिलेली. पांड्याच्या यादीत जगातली सगळी माणसं संशयित होती, एक ही पोरगी सोडून. का, ते विचारू नका. लहानपणी ती त्याच्या पायाशी बसून ढलप्या गोळा करायची आणि तो म्हणेल ते तिला पटायचं. चंद्रावर ससा आहे म्हणाला तर आहे. नाही म्हणाला तर नाही. इतका भरवसा टाकणाऱ्या माणसावर संशय घ्यायला जागाच उरत नाही.

श्रावण सरत असताना डहाणूहून कीर्ती आली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एकनाथ टीसींची मुलगी, तिशीतली, वस्तूंच्या आकारांचं काहीतरी शिकून आलेली. गंजाडला बाहेरची गाडी आली की ती वारली चित्रं घ्यायला येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून पांड्याने अंगणातूनच हात केला, "चित्रवाले त्या पल्याडच्या पाड्यात."

"मला चित्रं नकोत, काका. मला काठवट बघायचीये."

पांड्याने काठवट दाखवली. तिने ती मांडीवर घेतली, काठावरून बोट फिरवलं, उलटी केली, तळावर टिचकी मारली.

"ह्याच्यावर चित्र काढून देऊ?" पांड्याने विचारलं. शहरातली माणसं सगळ्यावर चित्र मागतात हे त्याला माहीत होतं.

"अजिबात नको. कोरीच हवी. ह्याच्यात काही घालावं असं नाहीये आणि काही काढावं असंही नाहीये. शंभर वर्षांपूर्वी कोणी बघितली असती तरी आवडली असती, आणि शंभर वर्षांनीही आवडेल."

झालं. पांड्याच्या मनात पाल चुकचुकली. कोरी कोणाला हवी असते? ज्याला वर काही करायचं असतं त्याला. किंवा ज्याला मशीनवर तसलीच पाडायची असते त्याला. तेवढ्यात कीर्तीने पिशवीतून टेप काढली आणि लांबी मोजायला लागली, आणि पांड्याने एकदम काठवटीवर पंजा ठेवला.

"तुम्ही चा घ्या," तो म्हणाला.

आतून पुतळीने कपाळावर हात मारून घेतला. तिला "तुम्ही" ऐकू आलं होतं.

खरं सांगायचं तर पांड्याचा संशय अगदीच हवेतला नव्हता. दहाएक वर्षांपूर्वी एक गोरागोमटा गृहस्थ प्रदर्शनात मांडतो म्हणून त्याचे आमटी वाढायचे लाकडी डाव घेऊन गेला होता. दोन वर्षांनी डहाणू स्टेशनजवळच्या एका दुकानात पांड्याने तेच डाव पाहिले. तोच वाक, तीच मूठ, पण मशीनवर कापलेले, वर चकचकीत पॉलिश, डझनावारी. गुजराती दुकानदार म्हणाला, "लेवानो हाय तर ले, हात नको लावू." स्वतःच्याच डावाला हात लावू नको? पांड्या त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, पण पांड्या त्या दिवसापासून पाणीही फुंकून प्यायला लागला.

तर कीर्ती एक काठवट विकत घेऊन गेली, आणि आठ दिवसांनी संगिता माहेरी आली. चेहरा असा फुललेला की पुतळीला वाटलं, हिला परत दिवस गेले की काय.

"बा, ती कीर्तीताई आमच्याकडे आली होती. आमच्या बचत गटात. आयेने माझं गाव सांगितलं होतं तिला. म्हणते, तुझ्या बाच्या काठवटीसारख्या लहान काठवटी करायच्या. मुंबईत एक मोठं खाण्याचं हॉटेल आहे, त्यांना चाळीस पाहिजेत. पहिल्या चाळीस चांगल्या निघाल्या तर दर महिन्याला घेणार."

"तुम्हा बायांना येतात कुठे?"

"मला येतं. लहानपणापासून बघते ना. बाकीच्या चौघींना तू शिकव. एक दिवस ये फक्त." मग ती खाली बसली आणि आवाज उतरला. "हे जमलं तर ह्या वर्षी भट्टीवर जायला नको, बा."

दरवर्षी तुळशीचं लग्न लागलं की उधव्याच्या पाड्यावर ट्रक येतो आणि माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती जेठ लागेपर्यंत. संगिता, तिचा नवरा दिपक आणि त्यांची मुलगी जयश्री, तिघंही. जयश्री नववीत होती आणि मागल्या तीन वर्षांत एकदाही तिने पूर्ण वर्ष शाळा पाहिली नव्हती. मुकादम नावं लिहून घ्यायला दिवाळीआधी येतो. संगिताने ह्या वर्षी त्याला अजून होकार दिला नव्हता, आयुष्यात पहिल्यांदा.

"ती बाई लुबाडेल तुम्हाला," पांड्या म्हणाला.

"मला नाय वाटत."

"तुला कोणाचंच नाय वाटत."

"तुला सगळ्यांचंच वाटतं," संगिता हसून म्हणाली. "तू ये. तुझ्यासमोर होऊ दे सगळं."

भादव्यात एक दिवस पांड्या उधव्याला गेला. संगिताच्या अंगणात पाच बायका, शिवणीचे ओंडके, वाकस, पटाश्या. आणि कोपऱ्यात कीर्ती, मोबाइल एका तिकाटण्यावर लावून बसलेली.

"हे काय?"

"व्हिडिओ घेते, काका. तुम्ही सांगाल ते नीट राहील. पुढे कोणाला शिकायचं असेल तर उपयोगी पडेल."

पुढे कोणाला. ते दोन शब्द पांड्याने मनात नोंदवून ठेवले. तरी त्याने शिकवलं. संगितासाठी शिकवलं आणि खरं शिकवलं. ओंडका कसा फाडायचा, गाभा का ठेवायचा नाही, वाकस कुठल्या बाजूने चालवायचा, काठ कुठे थांबवायचा. एका बाईने तळ फार पातळ केला तर त्याने तिच्या हातातून वाकस घेतला नाही, नुसतं म्हणाला, "आता ही भाकरी भाजायला घे, मळायला नाय चालायची." सगळ्या हसल्या. दुपारपर्यंत त्याला स्वतःलाच मजा यायला लागली होती. संगिताचा हात तर असा चालत होता की तो मधूनमधून बघायचा आणि नजर दुसरीकडे वळवायचा.

मग कीर्तीने विचारलं, "आणि कोरून झाल्यावर वाळवायच्या कशा? ह्यात काही खास असतं का?"

खास. तिने खास म्हटलं. मोबाइलचं ते काळं भोक पांड्याकडे रोखलेलं होतं, आणि त्या भोकातून त्याला स्टेशनजवळचं दुकान दिसलं, डझनावारी चकचकीत काठवटी दिसल्या, "हात नको लावू" ऐकू आलं.

"खास काय असायचं?" पांड्या म्हणाला. "चुलीवरच्या माळ्यावर ठेवायच्या, धुरात. आठ दिवसांत कोरड्या. बांबू नाय का आपण धुरावर ठेवत? तसंच. तुम्ही लिहून घ्या."

कोणाला शंका येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. बांबू, बियाणं, मक्याची कणसं, सगळं ह्या भागात चुलीच्या धुरावरच ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. चौघी बायकांनी माना डोलावल्या. कीर्तीने लिहून घेतलं. फक्त संगिताने मान वर करून बापाकडे पाहिलं. त्यानेही तिच्याकडे पाहिलं, अगदी सरळ, पापणी न हलवता. मग तिने मान खाली घातली आणि काम सुरू केलं.

पांड्याची छाती भरून आली. पोरगी कोणाची? बरोबर कळलं तिला. अळीमिळी गुपचिळी. बाहेरच्या बाईसमोर एक, आणि रात गेली की तूस. संगिता पाचही जणींच्या काठवटी गुपचूप तुसात घालणार आणि कीर्ती जन्मभर माळा आणि धूर करत बसणार. टमटममधून परत येताना तो एकटाच हसत होता, तेव्हा शेजारी बसलेली म्हातारी सरकून बसली.

घरी आल्यावर त्याने पुतळीला सगळं सांगितलं. पुतळीने विचारलं, "मग संगिताला बाजूला घेऊन सांगितलंस ना, की तूस घाल म्हणून?"

"सांगायला कशाला पाहिजे? त्याच तुसात वाढली ती."

"एकदा सांगून ये."

"आणि तिथे ती बाई असली तर? तिला कळलं तर? माझी पोरगी आहे, तिला कळतं." पांड्याने विषय संपवला.

महिना गेला. दसरा झाला. पांड्याच्या डोक्यात आता वेगळीच वळवळ. काठवटी जातात कुठे, हॉटेल तरी आहे का खरं, का कुठल्या कारखान्यात नमुना म्हणून चालल्यात? शेवटी एका सकाळी तो उठून डहाणूला गेला आणि कीर्तीच्या घरासमोरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडून बसला. तासभर झाला, दोन चहा झाले. घराच्या ओटीवर एकनाथ टीसी गोण्यांमध्ये बसून काहीतरी बांधत होता. चाळीस वर्षं अनोळखी माणसांवर संशय घ्यायचा पगार मिळवलेला माणूस तो. त्याने टपरीकडे एकदाच पाहिलं.

"तुम्ही संगिताचे वडील ना? कीर्तीने फोटो दाखवला होता. तिथे काय बसलात, इकडे या."

पांड्याला जावं लागलं. एकनाथ एकेका काठवटीच्या कानाला सुतळीने जाड कागदाचा तुकडा बांधत होता. त्यावर करणारीचं नाव आणि गाव. संगिता, उधवा. भिकी, उधवा. पांड्याला अक्षरं फार येत नव्हती, पण मुलीचं नाव ओळखता येत होतं.

"नाव कशाला?" त्याने संशयाने विचारलं.

"जिने केली तिचं नाव नको?" एकनाथ म्हणाला. "कीर्तीचा हट्ट आहे. हॉटेलवाल्यालाही तिने सांगितलंय, हा आकार दुसरीकडून करून घ्यायचा नाही, तसं कागदावर लिहून घेतलंय. त्यातल्या पहिल्याच कागदावर तुमचं नाव आहे, हा आकार तुमचा म्हणून."

हातांना काहीतरी काम हवं म्हणून पांड्याने वरची काठवट उचलली. काठ बघितला. संगिताचाच काठ, दुसऱ्या कोणाचा नाही. मग सवयीने त्याने ती नाकाशी नेली.

धुराचा वास आला.

त्याने दुसरी उचलली. धूर. तिसरी, चौथी. सगळ्यांना धूर. तुसाचा तो कोंदट, धुळकट, ओळखीचा वास एकीलाही नव्हता. तेल चोळलेलं होतं म्हणून वरून सगळं सुरेख दिसत होतं, पण कानाजवळ, जिथे लाकडाचं टोक उघडं असतं तिथे, त्याने अंगठ्याचं नख फिरवलं आणि नखाला ती केसाएवढी रेघ लागली.

तेवढ्यात टेंपो आला.

आता इथे पांड्याने तोंड उघडायला पाहिजे होतं. एकच वाक्य होतं. थांबवा, ह्या तडकणार, मी खोटं सांगितलं. माझा ह्या माणसावर कितीही जीव असला तरी इथे त्याला माफी नाही. पण ते वाक्य कोणासमोर बोलायचं? ज्याने आत्ताच आपलं नाव पहिल्या कागदावर आहे म्हणून सांगितलं, त्याच्यासमोर? एखादवेळी टिकतीलही, पांड्याने स्वतःला सांगितलं. शिवण आहे शेवटी, चिवट लाकूड. मग एकनाथची कंबर दुखत होती म्हणून चार गोण्या पांड्यानेच उचलून टेंपोत ठेवल्या.

घरी आल्यावर पुतळीने तीनदा विचारलं, काय बघून आलास? तो म्हणाला, हॉटेल खरं आहे. रोज सकाळी तो रस्त्याकडे तोंड करून बसायचा. जगावर पाळत ठेवणारा माणूस आता नुसता एका बातमीची वाट बघत होता, आणि ती येऊ नये म्हणून वाट बघत होता.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या आदल्या दिवशी संगिता आली. चालत येताना दिसली तेव्हाच पांड्याला कळलं. खांद्यावर गोणी होती. तिने ती ओटीवर ठेवली, पाणी प्यायली, आणि एक काठवट काढून बापाच्या मांडीवर ठेवली. काठापासून पोटापर्यंत तडा गेला होता, बोट शिरेल एवढा.

"चाळीसातल्या एकतीस," ती म्हणाली. "हॉटेलात एसी असतो म्हणे. पीठ मळलं की पाणी खालून गळतं. त्यांनी सगळ्या परत केल्या. कीर्तीताई काही बोलली नाय मला. पण आता ते लोक नको म्हणतात."

पांड्याने काठवट उलटी करून तळ बघितला.

"बा, तू नीट बघ आणि मला सांग," संगिता म्हणाली. "लाकूड कच्चं होतं का? का माझा हात चुकला? गाभा मी काढला होता सगळा. भिकी म्हणते तळ कमीजास्त झाला असेल. मी दहा दिवस विचार करते, मला सापडत नाय माझी चूक."

पुतळी चुलीपाशी होती. तिने भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि दारात येऊन उभी राहिली. ती नवऱ्याकडे बघत होती.

"तू तुसात का नाय घातल्या?" पांड्याने विचारलं.

"तूच म्हणालास ना, माळ्यावर."

"तुला तूस माहीत होतं."

"माहीत होतं. मला वाटलं, मोठ्या काठवटीला तूस आणि लहानीला धूर असं असेल. तू सांगितलंस तर काहीतरी असेलच ना. मी तुझ्याकडे बघितलं पण होतं. तू माझ्याकडे सरळ बघितलंस." तिने कपाळ पुसलं. "बायका विचारत होत्या, नक्की धूरच ना? मी म्हटलं, माझा बा खोटं सांगायचा नाय."

खुराड्यात कोंबड्या कुरकुरत होत्या, पल्याडच्या शेतात कोणीतरी भात झोडत होतं. पांड्याने दोन्ही हात त्या तड्यावर ठेवले, जणू झाकला तर नाहीसा होईल.

"मी खोटं सांगितलं," तो म्हणाला. "मुद्दाम. ती मोबाइल लावून बसली होती. मला वाटलं ती घेऊन जाईल सगळं. मला वाटलं तुला कळलंय. मी तिच्याशी खोटं बोललो, संगे. तुझ्याशी नाय."

संगिताने गोणी जवळ ओढली.

"मी पण तिथेच बसले होते, बा," ती म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला, पण पुतळी हलली नाही. पांड्याला वाटलं, पोरगी आता ओरडेल, रडेल, गोणी अंगावर फेकेल. त्यातलं काहीही चाललं असतं. पण संगिताने त्याच्या मांडीवरची काठवट उचलून गोणीत घातली, गोणीचं तोंड बांधलं, आणि हिशेबी आवाजात सांगितलं की मुकादम परवा येतोय, तिने त्याला होकार पाठवला आहे. भिकी आणि बाकीच्या तिघीही जाणार. जयश्रीच्या मास्तरांशी बोलणं झालं आहे, ते म्हणाले बघू.

"मी उद्याच डहाणूला जातो," पांड्या घाईघाईने म्हणाला. "कीर्तीला सांगतो, चूक माझी आहे, बायकांची नाय. टेंपोत चढवतानाही मला कळलं होतं, तेसुद्धा सांगतो. तुसात घालून चाळीस मी स्वतः करून देतो. ती हॉटेलवाल्याला सांगेल परत. सगळं खरं सांगतो, संगे. एक शब्द लपवत नाय."

आणि हे तो अगदी खरं बोलत होता. त्याच्या आयुष्यात तो इतकं खरं कधीच बोलला नसेल.

संगिता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी ती ढलप्या गोळा करता करता बघायची तसं नाही. बाजारात नवीन माणसाकडून काही घ्यायच्या आधी बघतात तसं. मग तिने त्याच्यावरून नजर काढली आणि दारात उभ्या असलेल्या पुतळीला म्हणाली,

"आये, उद्या तू पण जा ह्याच्यासंगं. सांगतो का नाय ते बघ."